दाराला लावायचा दगड

आमच्या घरी सध्या मोज्यांवरून रोज सकाळी वाद होतो. मी फिरून येतो, दारातच खुर्ची टाकून बसतो आणि मोज्यांतली कुसळं उपसायला लागतो. बायको आतून ओरडते, "तिथं झटकू नका, मशीनमध्ये जातात ती!" मागच्या हिवाळ्यात तिच्या एका गाऊनमध्ये कुसळ निघालं होतं, आणि तेव्हापासून माझ्या मोज्यांना वेगळी बादली आहे.

कुसळ कधी नीट पाहिलंय? मी साठीपर्यंत पाहिलं नव्हतं. टोकाला सुईसारखी टोचरी बी, तिच्यावर उलट्या दिशेचे बारीक केस (म्हणून ते आत जातं पण बाहेर येत नाही) आणि मागे दोन-अडीच इंचांचं काळपट शेपूट. ते शेपूट दोरीसारखं पिळलेलं असतं. ओल्या तळहातावर ठेवा आणि थांबा. मिनिटभरात ते हलतं, पीळ सुटतो आणि सगळं कुसळ हळूच फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीच्या दवानं सुटायचं, दिवसाच्या उन्हानं वळायचं, असं करत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखी पिळून घेते. माझ्या मोज्यालाही ती जमीनच समजते.

मला हे जरा जास्तच आवडण्याचं कारण धंद्याचं आहे. मी सरकारी टेलिफोनात केबल स्प्लायसर होतो. १९८४ साली लागलो, आणि ३१ जानेवारी २०२० ला हजारो लोक एकदम स्वेच्छानिवृत्त झाले त्यांत मीही होतो. स्प्लायसरचं काम म्हणजे खड्ड्यात बसून तारेला तार पिळणं. आठशे जोड्यांची केबल असली तर आठशे जोड्या. पूर्वी तारांवर कागदाचं वेष्टण असायचं आणि बाहेरून शिशाचं कवच. कागद म्हटला की ओल आली, आणि ओल आली की लाइन गेली. नुसत्या बोटांच्या घामानंसुद्धा इन्सुलेशन उतरायचं. त्यामुळे पावसाळा आमचा वैरी, मे महिना त्याहून मोठा, आणि हिवाळा म्हणजे सोन्याचे दिवस. कोरडी हवा, सुकी बोटं, खड्ड्यात उबदार. वर रस्त्यावर लोक कुडकुडताहेत आणि आम्ही खाली चार फुटांवर निवांत.

नागपूरकराला चालायला वर्षात दोनच महिने मिळतात, दिवाळीनंतरपासून संक्रांतीच्या थोडं पुढेपर्यंत. फेब्रुवारीत ऊन टोचायला लागतं, मार्चमध्ये कुलरची खस बदलायची वेळ येते, मग जूनपर्यंत माणूस म्हणजे नुसतं टॉवेल गुंडाळलेलं डोकं. त्यामुळे या दोन महिन्यांत मी हावरटासारखा चालतो. काटोल नाक्यापाशी राहतो, तिथून सेमिनरी हिल्स, फुटाळा, कधी गाडी काढून गोरेवाड्याच्या पलीकडे. सेमिनरी हिल्सच्या सागवानात या दिवसांत लाल गळ्याचा एक इवलासा माशीमार पक्षी उत्तरेकडून येऊन राहतो. शेपूट वर उडवतो आणि टर्रर्र करतो. जुन्या काळ्या फोनची डायल बोटानं ओढून सोडली की परत जाताना जो आवाज यायचा, अगदी तोच. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी चक्क खिशाकडे हात नेला. बाकी पक्ष्यांतलं मला फार कळत नाही. तलावाच्या भिंतीवर शेपटी नाचवणारा धोबी ओळखतो, आणि संध्याकाळी ढगासारख्या वळणाऱ्या भोरड्या.

माझं ज्ञान आहे ते जमिनीखालचं. पस्तीस वर्षं खड्डे खणवून घेतले की शहराची एक वेगळीच ओळख होते. धरमपेठ, अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स या बाजूला सब्बल मारली की 'ठण्' वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. तो काळा दगड, बेसॉल्ट. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम, पण खाली तोच. मजूर लोक कंत्राट घेतानाच विचारायचे, "बर्डीच्या इकडं का तिकडं?" कारण सीताबर्डीच्या पलीकडे, पूर्वेला गेलं की दगडाची जातच बदलते. तिथला दगड दाणेदार, फिकट, उन्हात अभ्रकानं चमकणारा आणि वयानं काळ्याच्या कितीतरी पट म्हातारा. सह्याद्रीपासून इथपर्यंत लाव्हाचे थर पसरले, ते जवळजवळ नागपूरशी येऊन संपले. बर्डीची किल्ल्याची टेकडी म्हणजे त्या काळ्या दगडाच्या अगदी शेवटच्या टेकड्यांपैकी एक. हे मला खूप नंतर कुणीतरी नीट सांगितलं. पण मजुरांना ते आधीच माहीत होतं, आणि त्यांचा दर त्याप्रमाणे ठरायचा.

थंडीचं म्हणाल तर २९ डिसेंबर २०१८ ची सकाळ विसरणं शक्य नाही. त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. फुटाळ्याच्या जवळ एक फॉल्ट होता, आम्ही सातलाच पोचलो. तलावावरून वाफ निघत होती, चुलीवर पातेलं ठेवावं तशी. पाणी हवेपेक्षा गरम, म्हणून. भिंतीवर एकही माणूस नाही, जोडपी नाहीत, कणीसवाला नाही. एरवी त्या तलावाकाठी उभं राहायला जागा नसते. पोराला चहा आणायला पाठवलं, तो परत येईस्तोवर चहा कोमट. आमच्या कळमेश्वरकडच्या मावसभावाचा फोन आला, की रात्रभर संत्र्याच्या बागेत पाणी सोडून आणि पालापाचोळा धुमसवत बसलोय. त्या दिवशी खड्ड्यात उतरायला पहिल्यांदाच चौघांत भांडण झालं, सगळ्यांनाच उतरायचं होतं.

आता दगडाचं सांगतो.

१९९४ च्या हिवाळ्यात पोलीस लाइन टाकळीच्या बाजूला केबल टाकायचं काम होतं. कमरेएवढा खोल चर. एका जागी काळा दगड संपून मध्येच फिकट, चुन्यासारखा पण भलताच कडक थर लागला. त्याच्या फरशीसारख्या चिपा निघाल्या. त्यातली एक पावशेर-अर्धा किलोची नव्हे, चांगली चार-पाच किलोची चपटी चीप मी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणली. कारण एवढंच, की आमचं मागचं दार वाऱ्यानं आपटायचं आणि त्याला लावायला बूड बसेल असा दगड हवा होता. तो अगदी बेतानं बसला. एका बाजूला त्याच्यात काहीतरी गोगलगाईसारखं वळलेलं होतं. मुलगी लहान होती, ती त्याला 'गोगलदगड' म्हणायची. यापलीकडे कुणी विचार केला नाही. घर बदललं, दगड नव्या घरी आला. सव्वीस-सत्तावीस वर्षं त्यानं दार धरलं.

निवृत्तीनंतर सेमिनरी हिल्सवर फिरताना एका सरांची ओळख झाली. भूगर्भशास्त्र शिकवायचे, तेही निवृत्त. चालताना त्यांची नजर कायम खाली. एकदा घरी चहाला आले. हिवाळ्यात सांबार स्वस्त असतो (पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे), त्यामुळे बायकोनं सांबारवडी केली होती. सर ताट घेऊन मागच्या गच्चीत निघाले आणि दाराशी थांबले. मला वाटलं, चप्पल शोधताहेत. ते सरळ खाली बसले. वडी ताटात तशीच.

"हा कुठून आणलात हो?"

"टाकळीहून. खड्ड्यातला आहे. का?"

"किती वर्षं झाली?"

"असतील पंचवीसेक."

"आणि पंचवीस वर्षं तुम्ही याला दाराला लावून ठेवलंय."

हे त्यांनी प्रश्नासारखं विचारलं नाही. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला जे दाखवलं, ते मी तेव्हापासून रोज बघतो. दगडात नऊ-दहा शंख आहेत. काही अर्धे, एकाचा फक्त आतला साचा. सगळ्यात मोठा माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. आणि ते डावखुरे आहेत. शंख टोक वर करून तोंड आपल्याकडे धरला, की बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं. यांचं डावीकडे येतं. फायसा नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय. लाव्हाचा एक थर ओतला गेला, मग बराच काळ सगळं थंड, त्या खोलगट जागी पाणी साठलं, तळी झाली, तळ्यांत गोगलगाई, काठाला झाडं. मग पुढचा लाव्हा आला आणि तळं वरून झाकलं गेलं. हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचं. मी ज्याला 'मधला नडणारा थर' म्हणून शिव्या घातल्या होत्या, तो त्या तळ्याचा गाळ होता.

आणि टाकळीचा हा थर काही नवा शोध नव्हे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, त्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी याच टाकळीच्या परिसरातून शंख, बिया, फळांचे जीवाश्म गोळा केले होते. १८५५ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध छापून आला. हिस्लॉप कॉलेजवरून मी कित्येक वर्षं सायकल नेली. कॉलेजच्या नावामागे दगड गोळा करणारा माणूस आहे, याचा पत्ता नव्हता.

या हिस्लॉपसाहेबांच्या मरणाची गोष्ट सरांनी सांगितली तेव्हा मला खरं तर थोडं हसू आलं, मग वाईट वाटलं. टाकळघाटला जुनी दगडी वर्तुळं उकरायचं काम चाललं होतं, ते बघायला साहेब गेले. परत येताना अंधारात घोड्यावरून नाला ओलांडत होते, नाल्याला पूर होता, त्यात गेले. तारीख ४ सप्टेंबर १८६३. सप्टेंबर! आपल्याकडे सप्टेंबरमधला नाला काय चीज असते, हे २०२३ च्या २३ सप्टेंबरला अंबाझरीच्या खालच्या वस्त्यांनी पाहिलंय. एका रात्रीच्या पावसात नाग नदी घराघरांत शिरली. दगड बघायला पावसाळ्यात जायचं नाही. डिसेंबरात जायचं.

तसे आम्ही गेलो. मी, बायको आणि सर. टाकळघाटला नव्हे, जवळ जुनापाणीला. काटोल रोडनं शहरापासून आठ-दहा किलोमीटर. रस्त्यापासून थोडं आत गेलं की पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे आणि मग माळरान. एवढंच. तिकीट नाही, टपरी नाही. पहिली पाच मिनिटं मला नुसते धोंडे दिसले. मग सर म्हणाले, "एकेक बघू नका, रांग बघा," आणि एकदम चित्र फिरलं. धोंडे गोल मांडलेले होते. एक वर्तुळ, त्याच्या पलीकडे दुसरं, उतारावर तिसरं. तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत म्हणतात. लोहयुगातली माणसं मेली की त्यांना किंवा त्यांचं काही इथे पुरायचे आणि भोवती काळे धोंडे रचायचे. अडीच-तीन हजार वर्षं झाली. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं यांच्याबद्दल लिहिलं, आणि १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या थापरांनी काही वर्तुळं खणली, तेव्हा काळी-तांबडी मडकी आणि लोखंडाच्या वस्तू निघाल्या.

सर मडक्यांबद्दल सांगत होते आणि मी वर्तुळाच्या मधला भराव बघत होतो. ती सवय जात नाही. खणून परत बुजवलेली जमीन मला लगेच कळते. कितीही धुम्मस करा, ती मूळ जमिनीसारखी बसत नाही. एक तर खचते, नाहीतर फुगून राहते. इथली मध्ये किंचित फुगलेली होती. कुणीतरी खड्डा खणला, आत काहीतरी ठेवलं, मुरूम आणि गोटे लोटले, वर मुद्दाम उंच केलं. कडेचा एकेक धोंडा दोन-तीन माणसांशिवाय हलणार नाही असा. माझ्या टोळीला विचारलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा दर विचारला असता. मी एका धोंड्यावर बसलो, मग ओशाळून उठलो.

काही धोंड्यांवर खळगे कोरलेले आहेत. बोटाचं पेर मावेल एवढे, ओळीनं. ते बघायला मात्र हिवाळ्याचं सकाळचं ऊन हवं. सूर्य खाली असतो, तिरप्या उजेडात प्रत्येक खळग्यात सावलीचा थेंब पडतो. साडेदहानंतर आम्ही त्याच धोंड्यापाशी परत आलो तर काहीच दिसेना. बायकोनं बोट फिरवून शोधले. अकरा मोजले तिनं, मी नऊ, सरांनी वाद घातला नाही.

एक बकऱ्या चारणारे आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी आलेच.

"काय शोधून राहिले जी?"

"दगड पाहून राहिलो बाबाजी."

"दगडं त चिक्कार हायेत. पन बरं झालं, थंडीत आले. पावसायात या, एक दिसत नाही. गवत असं हाय इथं," त्यांनी कमरेला हात लावला. "मंग वाळते, अन् दगडं निंघतेत."

"कुणी लावले हो हे?"

"गवळ्याईनं लावले म्हन्तेत. म्हातारे लोकं सांगत."

गवळ्यांनी! हे ऐकून सरांनी माझ्याकडे बघितलं. इंग्रजांनी केलेल्या जुन्या नोंदींतही हेच आहे, की आसपासचे लोक ही वर्तुळं गवळ्यांची मानतात. आणि गंमत म्हणजे सीताबर्डीच्या नावाची जी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, त्यातही शितलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद हे दोन भाऊ गवळीच. ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळं आपण गवळ्यांच्या नावावर टाकलेलं दिसतं. आजोबांना उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या, त्यांनी त्या बकऱ्यांपासून लपवून खाल्ल्या.

परतताना गाडीत तिघांच्याही कपड्यांना कुसळं. सरांनी सांगितलं ते बरोबर होतं, की वर्तुळं तिथे वर्षभर असतातच. पण मला आजोबांचं जास्त पटलं. मंग वाळते, अन् दगडं निंघतेत.

यावरून आठवलं. तुम्ही कधी मोजलंय का, नागपुरात जे काही मोठं घडलं ते बहुतेक हिवाळ्यात घडलंय. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. शेवटचे राजे तिसरे रघुजी भोसले गेले ११ डिसेंबर १८५३ ला, आणि गादीला वारस नाही म्हणून डलहौसीनं पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, त्याच दिवशी राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून तिचं नाव एम्प्रेस. असहकाराचा ठराव पक्का करणारं काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबर १९२०, आणि त्याच्यावरून आपलं काँग्रेसनगर. देश मोजत मोजत नागपूरकडे निघालेला सर्व्हेवाला लॅम्बटन वाटेत हिंगणघाटला वारला, तोही २० जानेवारी १८२३ ला. जून १८५७ मध्ये टाकळीच्या रिसाल्यात उठावाचा बेत झाला, तो फसला. मला कारण लगेच कळलं, जूनमध्ये नागपुरात काही सिद्धीला जात नाही. विधिमंडळसुद्धा हिवाळ्यातच येतं. याला इतिहास म्हणायचं की हवामान, ते तुम्ही ठरवा.

किल्ल्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ते बाबांचं आहे.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढेच दिवस बघायला मिळतो. त्यात १ मे ला डोक्यावर सूर्य आणि १५ ऑगस्टला चिखल, म्हणजे उरला एकच. आम्ही तेव्हा गोळीबार चौकाजवळ राहायचो. बाबा एम्प्रेस मिलमध्ये विणकर, घरी आजीचा हातमाग. २६ जानेवारीला बाबा मला अंघोळ घालून, आईनं विणलेला खाकी स्वेटर चढवून पायी न्यायचे. दरवाजापासून रांग. रांगेत संत्र्याच्या साली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन तेव्हाचं मला स्वच्छ आठवतं. तोफा, खंदक, शिपायांच्या कबरी, आणि वरून दिसणारं सगळं नागपूर. एका बाजूला रेल्वे स्टेशन, त्याच्या पलीकडे जुनी वस्ती. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि बोट दाखवलं.

"पाय, ते धुराडं दिसते? ते आपली मिल."

मला मिलमध्ये रस नव्हता, लढाईत होता. बाबांनी त्यांना येत होती तेवढी सांगितली. आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य खाली, इंग्रजांचं वर टेकडीवर. टेकड्या दोन, एक मोठी एक लहान. भोसल्यांकडे अरब होते, ते जबरदस्त लढले. सकाळी त्यांनी लहान टेकडी घेतलीसुद्धा. मग इंग्रजांच्या घोडेस्वारांनी उलटा हल्ला केला आणि सगळं फिरलं. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की बाबांनी फारसं चुकीचं सांगितलं नव्हतं. इंग्रजांकडे दीड हजाराच्याही आत माणसं होती, भोसल्यांकडे त्यांच्या दसपट किंवा जास्त, आणि तरी अठरा तासांत निकाल लागला. घोडेस्वारांचा तो हल्ला करणारा कॅप्टन फिट्झजेराल्ड. पुढे आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात पळाले, फिरत फिरत शेवटी १८४० साली जोधपूरला वारले.

मी बाबांच्या खांद्यावरून विचारलं, "मग आपण कोणाकडून होतो?"

"आपण?" बाबा थोडा वेळ खाली वस्तीकडे बघत राहिले. "आपण खाली लुगडे विणून राहिलो होतो."

तेव्हा मला फार राग आला होता. लढाईत आपलं कुणीच नाही! शाळेत काय सांगू? वर्गात एक मुलगा त्याच्या पणजोबांची तलवार होती म्हणायचा. मी आठवडाभर बाबांशी नीट बोललो नाही. आता वाटतं, त्या संध्याकाळी टेकडीवर तोफ वाजली तेव्हा खाली मागावर कुणीतरी थांबलं असेल, धोटा हातात धरून. मग दुसरा आवाज आला नसेल तर पुन्हा सुरू केलं असेल. थंडीचे दिवस, लग्नसराई तोंडावर, काठाची ऑर्डर द्यायची असणार. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी आपला स्प्लायसरच्या हिशेबानं सांगतोय, की मुंबईत दंगल झाली तेव्हाही आम्ही खड्ड्यात बसून जोड्याच पिळत होतो.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मिलही गेली. मागच्या २६ जानेवारीला नातवाला घेऊन गेलो, तर त्याला तोफेपेक्षा लष्कराच्या जवानाच्या बुटांत रस. मी मात्र पायाखाली बघत होतो. चढावर एका जागी काळा दगड उघडा पडलाय. मी वाकून हात लावला, मागचे लोक म्हणाले, "काका, चला ना पुढं." गेलो पुढे.

आता प्रश्न उरलाय तो दाराचा. सरांचं म्हणणं, दगड एखाद्या कॉलेजच्या संग्रहात द्यावा, नीट चिठ्ठी लावून, टाकळी, १९९४, कमरेएवढ्या खोलीवर. मला पटतं. बायकोलाही पटतं, पण तिनं सरळ विचारलं, "मग दार कशानं थांबवू?" लाकडी पाचर आणली, ती सरकते. बाजारातला रबरी तुकडा आणला, तो आठ दिवसांत फाटला. जानेवारीचा वारा तर तुम्हाला माहीत आहे, संध्याकाळी पाचलाच दार धाडकन आपटतं आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर बघतात.

शेवटी असं ठरलंय. रविवारी मी सेमिनरी हिल्सच्या मागच्या उतारावरून दुसरा धोंडा घेऊन येतो. बायकोच्या अटी तीन. काळाच हवा, बूड सपाट हवं, आणि आत कुणी राहत नसावं.